नशिबाचा वाटा किती धरावा?

डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा आणि पुतण्या एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून सरकारी कनिष्ठ कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. पुतण्या निवडला गेला आणि नोकरीत रुजूही झाला. मुलगा दोन गुणांनी राहिला. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, त्याच्या नशिबातच नव्हते. आजीला कुलदेवतेकडे प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल, घ्यायचा आहे, एका ज्योतिषाने शांत करायला सांगितली आहे, आणि मुलगा स्वतः मात्र आपल्यातच काही दम नाही असे धरून बसला आहे. माणसाच्या आयुष्यात नशिबाचा वाटा खरोखर किती असतो आणि मुलाला आता काय सांगावे, अशी त्यांची विचारणा आहे.

मी उमेदीची सारी वर्षे गोव्यात संख्याशास्त्र आणि संभाव्यता शिकवण्यात घालवली. परीक्षांच्या निकालांचे विश्लेषण हा माझ्या कामाचाच एक भाग होता. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. निकाल लागले की दर वर्षी तो कोणत्या ना कोणत्या घरात उभा राहतो. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. वडीलधारी मंडळी आणि मुलगा, दोन्ही पक्षांनी एका निकालावरून कायमचा निष्कर्ष काढला आहे, आणि एका निकालात तेवढी माहिती नसते. योगायोगाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, परंतु तो बहुतेक वेळा मोजता येतो, आणि मोजता आला की त्याच्याशी कसे वागावे हेही ठरवता येते.

प्रथम परीक्षेचाच हिशेब करू. समजा पेपर १०० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा आहे. तुमच्या मुलाची तयारी अशी आहे की त्या अभ्यासक्रमावर जे हजारो प्रश्न विचारता येतील त्यांपैकी ७० टक्के त्याला येतात. पुतण्याचीही तयारी नेमकी तेवढीच आहे, मात्र दोघांना येणारे प्रश्न तेच ते नाहीत. एकाचे गणित थोडे बरे, दुसऱ्याचे सामान्यज्ञान. आता पेपर काढणाऱ्याने त्या हजारो प्रश्नांतून १०० निवडले. दोघांनाही ७० गुण पडायला हवेत असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही, कारण आपल्याला येणारा प्रश्नच पेपरात यावा ही गोष्ट उमेदवाराच्या हातात नसते. या चढउताराचे माप काढण्याची रीत सोपी आहे: १०० ला ०.७ ने आणि पुन्हा ०.३ ने गुणावे आणि येणाऱ्या २१ या संख्येचे वर्गमूळ काढावे. ते सुमारे ४.६ येते. संख्याशास्त्रात यालाच प्रमाण विचलन म्हणतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की हाच मुलगा, हीच तयारी घेऊन, असे शंभर वेगवेगळे पेपर देईल तर साधारण पंचाण्णव वेळा त्याचे गुण ६१ ते ७९ यांच्या दरम्यान पडतील. तयारीत कसलाही फरक नसताना अठरा गुणांचा पट्टा!

कट-ऑफ ७२ ला लागला असे धरा. ७० टक्के तयारीच्या उमेदवाराने ७२ किंवा अधिक गुण मिळवण्याची शक्यता या हिशेबाने शंभरात सुमारे ३८ आहे. मग सारख्याच तयारीच्या दोन भावांपैकी नेमका एक आत जाण्याची आणि एक बाहेर राहण्याची शक्यता किती? ती शंभरात सुमारे ४७ निघते. तुमच्या घरात जे घडले ते अघटित वाटत असले तरी सारख्या तयारीच्या दोघांच्या बाबतीत ते जवळजवळ निम्म्या वेळा घडणारच होते. त्यासाठी ग्रह धुंडाळण्याची गरज नाही आणि मुलाने स्वतःला कमी लेखण्याचेही कारण नाही. प्रत्यक्षात प्रश्न इतके सुटे नसतात, चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत कुठे असते, कुठे नसते, कोणाची त्या दिवशी तब्येत बिघडलेली असते. हे सारे धरले तर आकडे थोडे हलतील, पण निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू घरात कोणी पाहिलेली दिसत नाही. हाच मुलगा तयारी आहे तशीच ठेवून परीक्षेला तीनदा बसला तर निदान एकदा निवडला जाण्याची शक्यता ३८ वरून सुमारे ७६ टक्क्यांवर जाते. आणि त्याने तयारी ७० वरून ७६ टक्क्यांवर नेली, म्हणजे शंभरात आणखी सहाच प्रश्न त्याला येऊ लागले, तर एकाच बैठकीत निवड होण्याची शक्यता ३८ वरून ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचते. उंबरठ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला थोडी अधिक मेहनत किती मोठे फळ देते, हे या दोन आकड्यांतून दिसते. यत्नाला किंमत नाही असे म्हणणाऱ्याला हा हिशेब पटवून द्यावा, आणि सारे आपल्याच हातात आहे असे म्हणणाऱ्याला त्याच्या अलीकडचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जिला आपण नशीब म्हणतो ती गोष्ट नेमकी कशाची बनलेली असते? फ्रेंच गणिती कूर्नो यांनी १८४३ मध्ये योगायोगाची जी व्याख्या मांडली ती मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन कारणमालिका एका ठिकाणी येऊन मिळतात, तो योगायोग. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे म्हणतात, त्यात हेच आहे. कावळा तिथे बसायला त्याचे कारण होते, फांदी कुजून तुटायला तिचे कारण होते. दोन्हींची वेळ जुळायला मात्र वेगळे कारण नव्हते. म्हणून योगायोग मानला की जगातला कार्यकारणभाव नाकारावा लागतो, ही समजूत खरी नाही. घटनेला कारण असते. ती माझ्यावरच आणि आजच का यावी, याला ते नसते.

आपल्या भागातले याचे सर्वांत ठळक उदाहरण खाणींचे आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण त्यात नशीब आणि विवेक यांची सरमिसळ फार जवळून पाहायला मिळते. २००० नंतरच्या दशकात चीनमधून लोहखनिजाला मागणी वाढली आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून खनिजवाहू ट्रक घेतले. दोन शेजाऱ्यांची कल्पना करा. एकाने २००४ मध्ये ट्रक घेतला, दुसऱ्याने २०११ मध्ये. दोघांची मेहनत सारखी, दोघांचे हप्ते वेळच्या वेळी. पहिल्याचे कर्ज काही वर्षांत फिटले आणि त्याने घरावर स्लॅब घातला. दुसऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक हंगाम आला, कारण सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे उत्खनन पुन्हा सुरू झाले तेही टिकले नाही. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले. अंगणात उभा राहून गंजलेला ट्रक, चाके काढून विकलेली, हौद्यात पावसाळ्याचे गवत उगवलेले, हे दृश्य त्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही परके नाही.

या दोघांपैकी पहिल्याला गावात धोरणी म्हणतात आणि दुसऱ्याला अविचारी. हा न्याय मला मान्य नाही. ट्रक घेण्याची त्यांची वेळ ठरली ती कोणाची मुले केव्हा मोठी झाली आणि कोणाच्या हातात भांडवल केव्हा आले यावरून, आणि बंदीची तारीख ठरली ती पणजी आणि दिल्लीतल्या घडामोडींवरून. दोन कारणमालिका, आणि त्यांची गाठ दुसऱ्याच्या अंगणात पडली. तरीही दुसऱ्याच्या निर्णयात विवेकाला जागाच नव्हती, असे मी म्हणणार नाही. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती शहा आयोग नोव्हेंबर २०१० मध्येच नेमला गेला होता, म्हणजे २०११ मध्ये ट्रक घेणाऱ्याला आभाळ भरून आल्याची काही चिन्हे दिसू शकत होती. त्याहून महत्त्वाचा फरक असा की ज्यांनी कर्जासाठी कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, गहाण टाकले त्यांचे ट्रकाबरोबर कुळागरही गेले, आणि ज्यांनी ते राखले त्यांना नारळ-सुपारीने त्या वर्षांत तगवले. बंदी केव्हा येईल हे कोणाच्याच हातात नव्हते. ती आली तर आपले किती जाईल, हे मात्र बऱ्याच अंशी हातात होते. नशिबाविषयी विचार करताना माणसाने आपले लक्ष ठेवावे ते या जागेवर, असे माझे ठाम मत आहे.

काही गोष्टी मात्र अशा असतात की तिथे विवेकालाही वाव नसतो, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे जन्म. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी ज्याचा जन्म गोव्यात झाला त्याला, आणि त्याच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व मागता येते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर तिथे राहून नोकरी करता येत असे, आणि स्विंडनसारख्या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली ती त्यामुळेच. दोडामार्गला गोवा-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा तीच, अन्न तेच, सोयरीकही होते. पलीकडच्या मुलाचे आजोबा चार किलोमीटर पुढे जन्मले म्हणून त्याला ते दार उघडे नाही. यात त्याचा काय दोष, आणि अलीकडच्या मुलाचे काय कर्तृत्व? हाच विचार जगाच्या पातळीवर केला तर अर्थशास्त्रज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी दाखवून दिल्याप्रमाणे जगभरच्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक आहे त्याचा निम्म्याहून अधिक भाग केवळ देश कोणता एवढ्यावरून सांगता येतो. आईवडील, घरातली पुस्तके, लहानपणीचे आजार, शाळेत योग्य वेळी भेटलेला शिक्षक, हे सारे त्यानंतर येते. परीक्षेतल्या चार-पाच गुणांचा योगायोग या मानाने फार लहान आहे. ज्यांना जन्मानेच बरेच काही मिळाले त्यांनी ‘मी स्वतःच्या बळावर वर आलो’ हे वाक्य जपून वापरावे, असे मला कळकळीने वाटते.

योगायोगाला नियम नसतो असे सहसा म्हटले जाते. एका घटनेपुरते ते खरे आहे. अनेक घटना एकत्र पाहिल्या की चित्र बदलते. हे समजावण्यासाठी मी नेहमी एका गोमंतकीयाचेच काम सांगत आलो. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते मुळात गणिती होते आणि संख्याशास्त्रात त्यांची गती मोठी होती. प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली नाणी, त्यांनी हजारोंच्या संख्येने सूक्ष्म तराजूवर तोलली. नाणे हातोहात फिरते तेव्हा दर वेळी त्याची कणभर झीज होते. कोणत्या नाण्याची किती होईल हे सांगता येत नाही, कारण ते कोणाच्या कसोटीवर घासले गेले आणि कोणाच्या मडक्यात वर्षानुवर्षे पडून राहिले हा निव्वळ योगायोग. परंतु एकाच काळच्या पुष्कळ नाण्यांचे वजन पाहिले तर चलनातल्या काळाबरोबर सरासरी वजन नियमाने घटत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. त्या सरासरीवरून आणि त्या फरकावरून कोसंबींनी नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत बसवली. एकेका नाण्याच्या बाबतीत जो योगायोग, तोच ढिगाच्या बाबतीत घड्याळासारखा उपयोगी पडला. याकोब बेर्नुली यांचा मोठ्या संख्यांचा नियम १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचेच हे एक सुंदर उपयोजन आहे.

विमा याच नियमावर चालतो आणि आपली रापणही. रापणीचे जाळे ओढायला उतरलेल्या प्रत्येकाला त्या दिवशीच्या मासळीत वाटा मिळतो. होडीचा आणि जाळ्याचा वेगळा वाटा निघतो. आज किती मासळी लागेल हे दर्याच्या मनात, पण ती एकट्याच्या पदरात पडायची की साऱ्यांच्या, हे माणसांनी ठरवलेले आहे. एकेकट्याच्या बरेवाईटाची धार अशी वाटून घेतल्याने बोथट होते. गावकारीतल्या (गावाच्या सामाईक जमिनीच्या कारभारातल्या), कुटुंबातल्या आणि पतपेढीतल्या कित्येक जुन्या व्यवस्थांचा गाभा हाच आहे, आणि त्या मोडताना आपण नेमके काय मोडतो आहोत हे आपल्या लक्षात येत नाही याची मला खंत वाटते.

या नियमाचा एक विपरीत अर्थ मात्र फार लोकांना भोवला आहे आणि तुमच्या घरातही तो निघू शकेल, म्हणून सावध करतो. ‘दोनदा हुकले, आता तिसऱ्यांदा लागलेच पाहिजे’ असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. तीन प्रयत्न मिळून ७६ टक्के ही गोष्ट पहिल्या प्रयत्नाच्या आधीची आहे. दोन हुकल्यानंतर तिसऱ्याची शक्यता पुन्हा ३८ च असते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला, आणि आता लाल येणारच या खात्रीने लोकांनी लालवर पैसे लावता लावता मोठ्या रकमा घालवल्या. चेंडूला मागचे काही आठवत नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या दिव्यांकडे पाहताना तरुणांनी एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ घरे असतात; एका आकड्यावर पैसे लावून तो लागला तर ३५ पट मिळतात. न्याय्य खेळात ३६ पट मिळायला हवे होते. या एका पटीच्या फरकामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात, मग खेळणारा कोणीही असो. एखाद्या रात्री कोणी जिंकतो, हे खरेच. पण कॅसिनो एका रात्रीवर चालत नाही, लाखो फेऱ्यांच्या सरासरीवर चालतो. मटक्यात तर शंभरांतून एक जोडी लागायची आणि लागल्यावर शंभरपटीहून कमी मिळायचे, म्हणजे दर शंभरामागे जाणारी रक्कम याहून कितीतरी जास्त. स्वप्नात दिसलेल्या गोष्टीवरून किंवा समोरून गेलेल्या गाडीच्या नंबरावरून आकडा काढल्याने यात काडीचाही फरक पडत नाही. नळाची कथा आपल्याला तोंडपाठ असते, पण तिच्यातला एक भाग सहसा सांगितला जात नाही: द्यूतात राज्य हरलेल्या नळाला ते परत मिळाले ते ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकल्यावर, आणि हाच राजा बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे मोजल्याशिवाय, नजरेच्या अंदाजाने सांगू शकत होता. अंदाज आणि फासे यांचे नाते आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, याचा मला अभिमान वाटतो.

ज्योतिषाच्या शांतीविषयी. या बाबतीत महाराष्ट्रात एक पद्धतशीर चाचणी झालेली आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. त्यांतली १०० मुले हुशार होती आणि १०० मतिमंद. भाग घेतलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर सुमारे ५० टक्के आली असती. बुद्धीसारखा मूलभूत फरक जिथे पत्रिकेतून ओळखता आला नाही तिथे दोन गुणांचे कारण तिच्यात सापडेल, असे मानायला मला आधार दिसत नाही. त्या शांतीचा खर्च मुलाच्या पुस्तकांवर आणि परीक्षा शुल्कांवर करावा.

आजीच्या प्रसादाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. देवाला पाकळ्या लावून उजवा-डावा कौल घेण्याची आपल्या देवळांतली रीत जुनी आहे. दोन पर्याय विचारान्ती सारखेच दिसत असतील आणि घरात त्यावरून दोन तट पडत असतील, तर कौलाने निर्णय होतो आणि त्याचे ओझे कोणा एकाच्या डोक्यावर राहत नाही. आधुनिक कायद्यानेही ही युक्ती टाकलेली नाही. निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी टाकूनच निकाल लावला जातो. मात्र जी गोष्ट माहिती काढून कळू शकते ती कौलाला विचारू नये. मुलाने पुन्हा परीक्षेला बसावे की नाही, याचे उत्तर त्याच्या गुणपत्रिकांत आहे. आजींनी देवळात जरूर जावे, नारळ ठेवावा, नातवासाठी मागावे. तिच्या मायेला हिशेबाची गरज नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. इतकी वर्षे आकड्यांत घालवल्यावर मला ही मांडणी आश्चर्यकारकरीत्या समतोल वाटते. दैवाला तिथे जागा आहे, पण ते पाचांतले एक आहे. मात्र दैव सर्वत्र सारखेच, एक पंचमांश असते, असे कोणी समजू नये. हा वाटा कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतो, आणि त्यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: स्पर्धकांची तयारी जितकी एकसारखी आणि जितकी चांगली, तितका निकालातला योगायोगाचा वाटा मोठा. शंभर धावणाऱ्यांत एकच जण सराव करणारा असेल तर तो जिंकणार हे उघड आहे. शंभरही जण सारखाच सराव करून आले तर कोणाचा पाय घसरला यावरून क्रमांक ठरतील. आज हजारो उमेदवार तीच पुस्तके, तेच क्लास, त्याच सराव परीक्षा करून मोजक्या जागांसाठी येतात. तेव्हा निवड यादीतले शेवटचे नाव आणि यादीबाहेरचे पहिले नाव यांच्यात लायकीचा फरक शोधणे व्यर्थ आहे.

आणखी एका गोष्टीने आपला अंदाज चुकतो. गावात आपल्याला दिसतो तो आखातातून परत येऊन बंगला बांधणारा, किंवा जहाजावरून सुटीला येऊन जत्रेला उदार हाताने खर्च करणारा तारवटी. एजंटाने फसवलेला, वर्षभरात परतलेला, तिथे आजारी पडलेला माणूस आपली कथा चावडीवर सांगत नाही. दिसणाऱ्यांवरून हिशेब केला की प्रत्येक धाडस शहाणपणाचे वाटते आणि न जाणारा प्रत्येक जण भित्रा. तुमच्या मुलानेही आता निवडल्या गेलेल्यांच्या मुलाखती ऐकून त्यांच्या दिनचर्येची नक्कल करण्याचे टाळावे. पहाटे चारला उठणारे कितीतरी जण न निवडलेल्यांतही आहेत, त्यांना कोणी विचारत नाही इतकेच.

मग करायचे काय? त्याने आजवर दिलेल्या अशा परीक्षांच्या सर्व गुणपत्रिका आणि त्या त्या वेळचा कट-ऑफ एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढावा. एका पेपरातला चढउतार साडेचार गुणांच्या आसपास असतो हे वर आले; तीन पेपरांची सरासरी घेतली तर तो सुमारे अडीच गुणांवर येतो, म्हणजे तीन निकाल मिळून बरेच अधिक खरे बोलतात. सरासरी कट-ऑफच्या तीन-चार गुणांच्या आत असेल तर तो उंबरठ्यावर आहे, आणि त्याने बसत राहणे हेच बरोबर. दहा-बारा गुण खाली असेल तर त्याला योगायोगाचे नाव देऊ नये. तिथे तयारीच कमी आहे, आणि अभ्यासाची पद्धत बदलायला हवी किंवा वाट तरी. एकाच खात्याच्या परीक्षेची वाट पाहत वर्ष काढण्याऐवजी बँक, पोस्ट, वीज खाते, पंचायत यांच्याही परीक्षांना बसावे, कारण प्रयत्नांची संख्या ही त्याच्या हातातली गोष्ट आहे. किती वर्षे हे करायचे, याची मर्यादा मात्र आजच, शांतपणे, त्याच्याशी बोलून ठरवावी. ती वेळ येईल तेव्हा ठरवायला गेलात तर आणखी एकदाच, आणखी एकदाच असे होत राहील. दरम्यान एखादे कौशल्य किंवा छोटे काम हाताशी असावे. खाणपट्ट्यात कुळागर राखणाऱ्यांचे जे झाले ते येथेही लागू आहे.

पुतण्याला तुम्ही काही सांगावे असे तुम्ही विचारलेले नाही, पण त्याच्याशीही बोला. तो निवडला गेला यात त्याची मेहनत आहेच आणि त्याने संकोचून राहू नये. त्याचबरोबर आपल्या चुलतभावाच्या आणि आपल्यामध्ये काय होते हे त्याला हिशेबाने कळले तर घरातला अबोला फार काळ टिकणार नाही. त्याने एक काम करावे. मागच्या पेपरातले स्वतःला न आलेले प्रश्न आणि मुलाला न आलेले प्रश्न दोघांनी मिळून समोर ठेवावेत आणि ते कोणत्या विषयांचे आहेत ते पाहावे. मुलाला हवे असलेले ते आणखी सहा प्रश्न बहुधा एका-दोन विषयांतच सापडतील, आणि पुढचा अभ्यास तिथूनच सुरू करता येईल.